किल्लेदाराचा शॉट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी साधी चोरून खाल्लेली भजीसुद्धा लपत नाहीत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हाही भेकडपणाच?

दोन हजारनंतरची ती वर्षं. मी भिवंडीत शाळामास्तर. एका वाहिनीने जुन्या ऐतिहासिक नाटकांवर टेलिफिल्म करायला घेतल्या होत्या, त्यातल्या एकीची पटकथा माझ्याकडे आली. मी हवेतच होतो. शूटिंगला मोठी जागा हवी होती, तर भिवंडीजवळच्याच दापोडे गावच्या दामूकाकांनी आपलं रिकामं गोदाम दिलं, वर सगळ्या युनिटला घरचं जेवण. मागितलं काय? तेच नाटक ते गावच्या जत्रेत वर्षानुवर्षं करत आले होते. पडत्या गडावर एकट्या उरलेल्या किल्लेदाराचं लांबलचक भाषण — ते त्यांना एकदा कॅमेऱ्यासमोर करायचं होतं. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "काका, ते तुमचंच."

पण किल्लेदार मी पटकथेतून केव्हाच काढून टाकला होता. पानभर भाषण पडद्यावर रटाळ होतं, हे माझं मत आजही आहे. चूक ती नव्हे. मग तसं सांगितलं का नाही? गोदाम हातचं जाईल म्हणून? तेही होतं. पण खरं सांगू — मला सगळ्यांशी गोड राहायची खोड आहे. नाही म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते.

शेवटच्या दिवशी काका आपला अंगरखा, आपली पगडी घालून सकाळपासून कोपऱ्यात बसून होते. दिग्दर्शक वैतागला. तेव्हा मी — हो, मीच — त्याच्या कानाला लागलो. "टेप चालवूच नका. नुसतं ॲक्शन म्हणा. म्हाताऱ्याला काय कळतंय?"

दिवे लागले. काका उभे राहिले. काय सांगू तुम्हाला — ते भाषण मला रटाळ वाटायचं ना? माझ्या अंगावर काटा आला. पण कॅमेरा बंद होता, आणि ते काका सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. दोघेजण पाठ फिरवून हसत होते. मध्येच बाहेरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. एरवी अशा आवाजावर आम्ही शॉट थांबवायचो. या वेळी कुणीच थांबवलं नाही. काकाच थांबले. आमचं शूटिंग बघून हे सगळं ते शिकले होते.

"गाडी गेली मास्तर. आवाज आला आसंल. फिरून घेऊ का?"

आणि आम्ही त्यांना ते फिरून करायला लावलं. दुसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. संपल्यावर मीच पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.

टेलिफिल्म लागली तेव्हा काकांच्या घरी सगळी आळी गोळा झाली होती. मी तापाचं निमित्त करून गेलो नाही. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले. "मी दिसलो न्हाय, मास्तर. माजं काय चुकलं का?"

तिथे तरी खरं बोलता आलं असतं. मी काय बोललो? "वाहिनीला तुमचा आवाज नाटकी वाटला, काका. कॅमेऱ्याला तसं चालत नाही."

त्यांनी मान हलवली. उलट माझीच माफी मागितली, आपल्यामुळे युनिटचा वेळ गेला म्हणून. पुढच्या जत्रेत त्यांनी तोंडाला रंग लावला नाही. पोरांनी हातापाया पडून पाहिलं. "माजा आवाज चांगला न्हाय," ते म्हणाले, "टीव्हीवाल्यांनीच सांगितलं." मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. त्यांनी पुन्हा कधीच काम केलं नाही.

काका गेल्यावर त्यांची मुलगी आली. "मास्तर, बाबांचा तो कापलेला भाग आसंल ना तुमच्याकडं? फोटो हायेत, पन आवाज कुठंच न्हाय."

मी म्हणालो, जुन्या टेप पुसून पुन्हा वापरतात.

"आसू दे," ती म्हणाली. "तुमी त्यांना कॅमेऱ्यापुढं उभं तरी केलंत." आणि वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.