आईच्या वजनाचं पोतं

नव्या भाताच्या पोत्याचा तो धुळकट, गोडसर वास आला की मला आमच्या ओटीवरच्या त्या दुपारा आठवतात. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं आणि तिला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. तिथे व्यायाम शिकवणारी मुलगी मला म्हणाली होती, "ताई, कमरेनं नाही, मांड्यांनी उचलायचं. आधी ताकद कमवा." जिम होती ती लांब खोपोलीला; आमच्या घरात उचलायला वजन म्हणजे भातच. मग मी आईच्या वजनाइतकं भात पोत्यात भरलं, हाताला खरखरू नये म्हणून तिचं जुनं पातळ त्याला गुंडाळलं, आणि गुडघे वाकवून, छातीशी धरून ते खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा खाटेवर ठेवत राहिले. कौलांतून येणाऱ्या कवडशात तूस सोनेरी होऊन तरंगायचं आणि मला झोपेत चालल्यासारखं वाटायचं. आई घरी आली त्या दिवशी मी तिच्यापुढे वाकले, तशी ती घाबरली. "नको गं, पडशील मला घेऊन." मी तिला छातीशी घेतलं आणि उठले, तेवढ्यात तिनं आपला चांगला हात माझ्या मानेभोवती टाकला. पोत्यानं असं कधी केलं नव्हतं. "लय जड हाय का गं मी?" तिनं कानाशी विचारलं. मी तिला अलगद खुर्चीत बसवलं. आता आई नाही. भाताचं पोतं मी अजून सहज उचलते. फक्त छातीशी घेतल्यावर, उठायच्या आधी, मानेवर हात पडायची जराशी वाट बघते.