तीस नंबरचे डोळे

यंत्राच्या हनुवटी टेकवायच्या प्लास्टिकच्या पट्टीवर लालसर डाग होता. येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच बजावायचो, "खर्रा थुंकून या, तोंड धुऊन या." कुणी डागाकडे बोट दाखवलं की नाक मुरडून म्हणायचो, "काय एकेक लोक असतात!" डाग माझाच होता. यंत्र जुळवताना मीच तिथे हनुवटी टेकवायचो, आणि गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचाच. आता आठवलं की माझी मलाच किळस येते. पण हा डाग तर काहीच नाही.

मी गणिताचा मास्तर, उतारवयात पीएचडीच्या नादी लागलेला. फुलचूरच्या भाड्याच्या खोलीत नागपूरहून उसनं आणलेलं यंत्र मांडलं होतं. पडद्यावर दोन आकडे येत. माणसानं मनात बेरीज करायची. त्याचे डोळे कुठल्या अंकावर गेले, किती थांबले, हे पडद्याखालचा कॅमेरा टिपायचा. तीस माणसं हवी होती, एकोणतीस झाली होती. शनिवारी यंत्र परत जाणार होतं. दोन मुदतवाढी खाऊन झाल्या होत्या, तिसरी मिळणार नव्हती. एक माणूस कमी पडलं की पीएचडी बुडाली.

तिसावी म्हणून मुर्रीकडच्या एका शाळेत पोषण आहार शिजवणारी मावशी आली. पडद्यावर अडतीस आणि सत्तावीस आले. मावशीनं मान तशीच ठेवून नजर फरशीवर टाकली, भिंतीच्या कडेकडेनं सरकवत नेली आणि म्हणाली, "पासष्ट."

यंत्र म्हणालं, डोळे सापडत नाहीत.

"मावशी, समोर पाहा!"

"कायले ओरडून राहिले गुरुजी? चुकलं का?"

"मला उत्तर नको, डोळे पाहिजेत."

"डोळे घ्या ना बावा. पन मंग पोरं कुठं बसवू?"

कोणती पोरं, हे विचारायची अक्कल मला नव्हती. मी पडद्यावर बोट आपटत राहिलो. समोर पाहायला लागल्यावर तिची पुढची चारही उत्तरं चुकली, म्हणजे त्याही नोंदी बाद. उठताना ती हळूच म्हणाली, "मले हिसाब येतच नाही वाट्टे." मी "चालतं, चालतं" म्हणालो आणि तिला घालवलं.

मग कडी लावली, पट्टीवर स्वतःची हनुवटी टेकवली आणि सगळ्या बेरजा मीच केल्या. तिच्या नंबराखाली. स्वतःच्याच खर्र्याचा वास नाकात जात होता. बाईमाणसाचे डोळे जरा हळू फिरतील, अशा समजुतीनं मी मुद्दाम रेंगाळलोदेखील! इतका बारकाईनं अभ्यास मी आयुष्यात दुसरा केला नाही.

पंधरा दिवसांनी नागपूरहून मार्गदर्शक बाईंचा फोन आला. "तीस नंबर फार सुंदर आहे हो. कशी करते ती बेरीज? विचारून घ्या, प्रबंधात घालू."

गेलो झक मारत तिच्या शाळेत. मावशी भाताच्या गंजाशी होती. दोन वर्गांची हजेरी आली आणि तिनं कागद सरळ शाळेच्या मॅडमपुढे धरला. "तुम्हीच करा बेरीज. मले नाही जमत."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "इतकी वर्षं तोंडी सांगायची. हल्लीच काय झालं कोण जाणे."

मला माहीत होतं काय झालं. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी पोरं कुठं बसवायची होती?"

"खाली, भितीजवळ. दहा-दहाची पंगत. अडतीस पोरं बसली का शेवटच्या पंगतीत दोन जागा खाली राह्यते. सत्तावीसातले दोन तिकडं सरकवले का चार पंगती भरल्या. उरले पंचवीस." बोलताना तिची नजर व्हरांड्याच्या कडेनं सरकत गेली, अगदी माझ्या खोलीत गेली होती तशी.

मन बेरीज कशी करतं हे पाहायला मी तीन वर्षं घालवली होती. ते माझ्या फरशीवर उघडं चाललं होतं, आणि मी तिला पडद्याकडे पाहा म्हणून दटावत होतो.

"मावशी, तुमचं पासष्ट बरोबर होतं."

तिनं पळी खाली ठेवली. "मंग काऊन ओरडले?"

तिला मी काहीबाही सांगितलं. फाटकाबाहेर येऊन मात्र मार्गदर्शक बाईंना फोन लावला. "तीस नंबर काढून टाका. ते डोळे माझे आहेत."

मग त्यांनी विचारलं, "आणि बाकीचे एकोणतीस?"

ते खरे होते. पण ते खरे आहेत असं सांगणारा माणूस मी होतो.