कुळथाचं पाणी

पनवेलच्या सोनोग्राफी सेंटरात तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीचा, जासईकडचा. दर पाच मिनिटांनी बाटलीतून मोठ्याने घोट घ्यायचा. त्या आवाजानेही माझं डोकं उठत होतं.

"कुळथाचं पानी," तो म्हणाला. "घरी मुतखडा सांगितलाय. बायको रोज उकळून देते."

"मग खरं काय आहे?"

तो माझ्या कानाशी वाकला. "अंडाला गाठ हाय. तीन महिने झाले."

माझीही तीच तपासणी होती. कॅन्सर हा शब्द तीन आठवडे डोक्यातून जात नव्हता. मी हातातली डॉक्टरांची चिठ्ठी दुमडून खिशात घातली.

त्याला आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता, पण हसत होता.

"अंडामागच्या नळीवर पान्याची पिशवी हाय. कॅन्सर नाय. दुखत नाय तर ऑपरेशन पन नाय, बोलले."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. उठून मी चुकून बाहेरच्या दाराकडे वळलो. त्याने ते पाहिलं आणि उरलेली बाटली माझ्या हातात दिली.

"तुमी घरी काय सांगितलंय?"

"पाठदुखी," मी म्हणालो. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मी कुणाला तरी खरं सांगितलं होतं.