राखणीला ठेवलेली बोंडी

"बिभीषणा, लंका सोड आता! गाडी भरली!"

मुकादमाचा हा विनोद दरसालचा. दिवाळी उरकली की तिसगावजवळच्या त्या वस्तीवर ऊसतोडीचा ट्रक येऊन उभा राहायचा, आणि नेमका तेव्हाच बिभीषण आपल्या शेळ्या लंकाबाईच्या अंगणात बांधत असायचा. ट्रकवरची माणसं हसायची. लंकाबाईला हसायला सवड नसायची. एका हातानं शेळीचं तोंड धरून दुसऱ्या हातानं ती कानामागं गोचीड चाचपत असायची.

ती स्वतः तोडीला जात नसे. पूर्वी जायची. मग एका हंगामात ट्रकवर मोळी चढवताना कंबर धरली, ती सुटलीच नाही. तेव्हापासून ती मागं राहून जाणाऱ्यांची जनावरं सांभाळायची. अक्षय तृतीयेच्या आसपास माणसं परतली की ज्याची शेळी त्याला, आणि मधल्या काळात झालेल्या करडांतलं एक तिचं. तिच्या राखणीत जनावर मेलंच नाही, असं नव्हतं. लांडग्यानं नेलं होतं, एकीला साप चावला होता. पण लंकाबाईच्या हयगयीनं जनावर गेलं, असं म्हणायची सोय तिनं कुणाला ठेवली नव्हती.

त्याला कारण होतं. फार पूर्वी बाहेरून आलेल्या एका बोकडानं तिच्या सगळ्या कळपाला खरूज दिली होती. तेव्हापासूनचा तिचा नियम: नवं जनावर आलं की आधी दाराबाहेर गोचिडाची पावडर, मग जंताचं औषध, मगच आत. दवाखान्यात लस आली की तिच्या शेळ्या रांगेत पहिल्या. आजारी जनावर घेऊन दवाखान्यात सगळेच जायचे. धडधाकट जनावर घेऊन जाणारी वस्तीत ती एकटीच. बाया तिची टिंगल करायच्या, "लंकाबाई, शेळ्यांना बालवाडीत पन घालतीस का गं?"

"घालीन की. तुझ्या नवऱ्यापरास लौकर शिकतील."

चौऱ्याण्णव सालच्या त्या सकाळी ट्रकवर भांडी चढली, कोंबड्यांचा खुराडा चढला, दोन कुत्री चढली. बिभीषणची पोरगी धनश्री मात्र चढेना. चाकाला पाठ लावून उभी. फ्रॉकच्या आत काहीतरी वळवळत होतं.

"काय हाय गं ते?" मुकादमानं वाकून बघितलं. "मांजर? खाली ठेव. गाडीत मांजर न्हाई."

"कुत्री चालत्यात की!"

"कुत्रं धन्याच्या मागं राहतं. मांजर हितं उडी मारंल न्हाईतर तिथं. ठेव खाली."

धनश्रीची आई पुष्पावती वरूनच ओरडली, "धने, येती का उतरू मी?"

पोरगी हलेना. फ्रॉकच्या गळ्यातून एक पांढरं डोकं वर आलं. कापसाचं बोंड उकलावं तसं. दोन महिन्यांचं असेल नसेल.

लंकाबाई पुढं झाली. "दे हिकडं."

"तू शेळ्या सांभाळतीस, लंकाआजी."

"चार पाय हायेत न्हवं ह्याला? मग दे."

"ह्याला न्हाई. हिला. बोंडी नाव हाय तिचं."

बिभीषण खजील होऊन म्हणाला, "काकू, कशाला उगं? मांजराच्या वाट्यात काय देनार तुमाला, अर्धा उंदीर?"

"तू चढ रं गाडीत. आमचं आमी बघतो."

धनश्रीनं पिल्लू काढलं, पण हातात दिलं नाही. "शपत घे. मरू देनार न्हाई म्हन."

"शपत मी घेत न्हाई, बाय. जनावर घेते."

पोरीनं थोडा विचार केला. "गाडी आता जवखेड्याची मानसं भरायला चाललीय. मग फाट्यावरनं जानार, दिस कलता. तू बोंडीला घिऊन फाट्यावर ये. मला बघायचीय."

"येते."

"नक्की?"

"मी कवा खोटं बोललेय का तुझ्या आईशी? इचार तिला."

ट्रक गेला. धुरळा बसायच्या आत लंकाबाईनं पावडरचा डबा काढला. बोंडीच्या पोटावर पिसवा पळताना तिला दिसल्या होत्या. नियम म्हणजे नियम. पिल्लाला मानेला धरून तिनं कण्यावर, पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी पावडर भुरभुरली आणि केसांच्या उलट्या दिशेनं चोळली. शेळीला चोळतात तशीच, फक्त हात हलका. मग टोपलीखाली ठेवून ती शेळ्यांकडं वळली.

शेजारची चांगुणा पाणी मागायला आली तेव्हा टोपली हलत होती.

"ह्यात काय ठेवलंय गं? टोपली नाचाया लागली की!"

लंकाबाईनं टोपली उचलली. बोंडी उभी होती, पण पाय तिचे नव्हते. सगळं अंग थडथडत होतं आणि हनुवटीखाली लाळेची तार लोंबत होती.

"आगं बया! पिसाळलं का काय?"

"गप. मघा चांगलं हुतं." लंकाबाईनं पिल्लू पदरात घेतलं. क्षणभर थांबली, मग पावडरचा डबाही उचलला. जनावर दवाखान्यात न्यायचं तर त्याच्या पोटात, अंगावर काय गेलंय ते बरोबर न्यायचं, ही तिची सवय.

"आगं, मांजर घिऊन जनावराच्या दवाखान्यात? हसतील लोक!"

"हसू दे. तू चल. वाटंत मला दम लागला तर तू धर."

दवाखान्याच्या आवारात खोड्यात एक म्हैस अडकवलेली होती, आणि केडगावहून बदलून आलेले तरुण डॉक्टर महेंद्र खांद्यापर्यंत हात घालून तिचं अडलेलं रेडकू फिरवत होते. दारात शिपाई सहादेव.

"काय आनलं, लंकाबाई? करडू?"

"मांजर."

"मांजर?" सहादेवनं कपाळाला हात लावला. "कोंबडी आनली असती तरी घेतली असती. थांबा तिथं. म्हैस सुटल्याशिवाय डाक्टर हलायचे न्हाईत."

लंकाबाई भिंतीला टेकून बसली. म्हशीचा धनी देवाचं नाव घेत होता, म्हैस कण्हत होती आणि पदरात बोंडी थरथरत होती. झटका यायचा, ओसरायचा. ओसरला की बोंडी मान वळवून आपल्या खांद्यावर जीभ फिरवायची, मग पोटावर, मग पंजावर.

"चाटाया लागली बघ," लंकाबाई चांगुणाला म्हणाली. "म्हंजी जीव धरला हाय तिनं."

"व्हय गं. चाट बाई, चाट. सोच्छ हो."

लंकाबाईनं तिला चाटायला सोपं जावं म्हणून पदर सैल केला.

रेडकू बाहेर पडलं. डॉक्टर हात धुवत आले, पदरात डोकावले आणि एकदम ओरडले, "चाटू देऊ नका! तोंड धरा तिचं! सहादेव, फडकं आण!"

लंकाबाईनं घाबरून पिल्लाचं डोकं मुठीत धरलं.

"अंगाला काय लावलंय?"

तिनं डबा पुढं केला. डॉक्टरांनी लेबल वाचलं. नंतर बोंडीला औषधांच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळे पाहिले. "या, बघा. अंधारात मांजराची बाहुली केवढी व्हायला पाहिजे? हिची टाचणीच्या टोकाएवढी झालीय. विष आहे हे."

"डाक्टर, रोजची पावडर हाय. शेळ्यांना लावते तीच. हातानं मोजून लावली, एक चिमूट."

"मावशी, शेळी आपलं अंग असं चाटते का?"

लंकाबाईनं बोंडीच्या चाटून ओल्या झालेल्या खांद्याकडं बघितलं.

"मांजर दिवसभर स्वतःला चाटतं. अंगावर लावलं म्हणजे पोटात घातलं."

तिच्या डोळ्यांपुढं भिंतीपाशी बसलेली ती स्वतः आली. सैल केलेला पदर आला. चांगुणानं तोंडावर हात ठेवला होता.

स्टोव्हवर सुया उकळतच होत्या. डॉक्टरांनी सगळ्यात लहान पिचकारी उचलली, बाटलीतून इतकंसं औषध ओढलं की सहादेवला ते दिसेना. "कातडी धरा. हलू देऊ नका."

लंकाबाईनं आयुष्यात शेकडो जनावरं धरली होती. या वेळी कातडी बोटांतून सुटली, तिनं पुन्हा धरली. डॉक्टर एकदा तिच्याकडं बघून थांबले, मग सुई टोचली.

"वाचंल?"

"सांगता येत नाही. किती पोटात गेलंय ते तिलाच ठाऊक. आता अंगावरचं काढू. कोमट पाणी, अंगाचा साबण. कानात, नाकात जाऊ द्यायचं नाही."

"जरा तूप पाजू का?" चांगुणानं विचारलं. "इख उतरतं म्हनत्यात."

"काही पाजायचं नाही. झटक्यात श्वासात गेलं तर तिथंच संपेल."

पाटीत पाणी घेतलं. साबणाचा फेस राखट झाला. पाणी बदललं, पुन्हा साबण. ओली झाल्यावर बोंडी म्हणजे मुठीत मावेल एवढं हाडांचं जुडगं. लंकाबाईनं तिला पुसलं आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चोळीत, उरापाशी ठेवलं. बाहेरून पदर. आतून झटके तिच्या छातीवर आदळत होते. एक आला की ती पदर आवळून धरायची. मग पुढच्याची वाट.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. चांगुणा सरकून जवळ आली.

"लंकाबाई, ट्रक यायचा व्हईल."

"म्हायती हाय."

"ऐक माझं. हिच्याच आईचं दुसरं पिल्लू हाय माझ्या घरी. आसंच पांढरं. पळत जाते, घिऊन येते. ट्रकवरनं पोरीला काय कळतंय? लांबून दाखीव, हात हालीव. पोरगी सुखानं जाईल."

लंकाबाई पदराआडून बोंडीचा जीव चाचपत राहिली.

"आन् पोरीचं ऱ्हाऊ दे. समद्या वस्तीच्या शेळ्या तुझ्या दारात. त्यास्नी कळलं, लंकाबाईच्या हातनं पहिल्याच दिशी इख गेलं, तर सा महिने झोप येईल का कुनाला? पुढल्या साली ठेवतील का तुझ्याकडं?"

ते खरंच होतं. या नावावर तर तिचं घर चालत होतं.

"डाक्टर," लंकाबाईनं हाक मारली, "हिला फाट्यापस्तोर न्हेलं तर चालंल?"

डॉक्टरांनी पदर बाजूला केला. हनुवटीखालची लाळ आटली होती. "उबेत ठेवून न्या. धावू नका. आणि ऐका, जगली तर पुढचं आत्ताच सांगतो. पिसवांना पावडर बंद. उवांची फणी फिरवायची, रोज. जंताचं औषध सावरल्यावर, तेही मी वजन करून देईन, शेळीच्या मापानं घालायचं नाही. आणि तीन महिन्यांची झाली की पिसाळल्याची लस. ती मी नगरहून बर्फात मागवतो."

"मांजराला पन आसती?"

"असते. कुणी आणत नाही, एवढंच."

फाट्यावर ती पोचली तेव्हा वडाची सावली रस्ता ओलांडून गेली होती. चांगुणा दोन पावलं मागं, अजून पुटपुटत. ट्रक दिसला. आता तो दुप्पट भरलेला, भांड्यांवर माणसं, माणसांवर पोरं. सगळ्यांत वर धनश्री, कडीला धरून उभी.

"थांबवा! लंकाआजी आलीय!"

मुकादमानं शिव्या घालत ट्रक थांबवला. "पोरी, आता मांजराला ओवाळतीस का काय?"

लंकाबाईनं चोळीतून बोंडी काढली. ओलं डोकं, चिकटलेले केस.

"ओली का केलीस?" धनश्रीचा आवाज बदलला. "ही अशी का पडलीय?"

"झोपलीय गं," चांगुणा मागून म्हणाली.

"झोपली न्हाई," लंकाबाई म्हणाली. तिनं आवाज चढवला, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. "मी पावडर लावली हिला, शेळीची. मांजर अंग चाटतं, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई. तिच्या पोटात गेलं. डाक्टरांनी सुई दिली, धुतली. अजून जगंल का मरंल, मला सांगता येत न्हाई."

वरून कुणीतरी हळूच म्हणालं, "आन् आमच्या शेळ्या?"

"शेळ्यांना काय व्हत न्हाई. पन ज्याला भरवसा न्हाई त्यानं आता उतरावं आन् सोडून न्यावं. माझा राग न्हाई."

कुणी उतरलं नाही. कुणी "ऱ्हाऊ दे" असंही म्हणालं नाही. पुष्पावतीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. बिभीषण खाली बघत होता.

धनश्री कडीवरून लोंबकळत खाली आली. पिल्लाच्या नाकाशी बोट नेलं. बोंडीनं डोळे किलकिले केले. बोटाचा वास घेतला. मग तिची मान हळूहळू वळली, आपल्याच पुढच्या पंजाकडं, आणि जीभ बाहेर आली.

लंकाबाईचा हात आपसूक तिच्या तोंडाकडं झेपावला. मधेच थांबला. फेस दोनदा काढला होता. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं होतं. तरी तिला बघवेना. जीभ पंजावरून एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली. झटका आला नाही.

"चाटलेलं चालतंय का आता?" धनश्रीनं विचारलं.

"चालतंय."

"नक्की?"

सकाळी याच प्रश्नाला लंकाबाईकडं तयार उत्तर होतं. आता तिनं बोंडीकडं नीट बघून घेतलं.

"धुतलंय चांगलं. मला वाटतं, चालतंय."

मुकादमानं हॉर्न दाबला. बिभीषणनं पोरीला काखेत धरून वर ओढलं, आणि ओढता ओढता म्हणाला, "काकू, काळ्या शेळीचं दिस भरत आल्यात. ध्यान ठिवा."

"ठेवते रं."

ट्रक हलला. धनश्री वरून ओरडली, "परत पावडर लावू नको!"

"न्हाई! फनी फिरवीन! आन् तीन महिन्याची झाली की पिसाळल्याची सुई टोचून घेनार हाय!"

"दुखंल का तिला?"

ट्रक वळणावर गेला होता. लंकाबाईनं पिल्लू छातीशी धरलं आणि असेल नसेल तेवढा आवाज काढला.

"दुखंल!"