खंड सात आणि बंद माइक

माइक बंद पडला तेव्हा रज्जाकचाचांनी नुकतंच नाव आणि पत्ता सांगितला होता. माइकबरोबर पंखे थांबले आणि ट्यूबलाइटही गेल्या. हॉलचा मॅनेजर दारातूनच म्हणाला, "लोडशेडिंग आहे साहेब." जनरेटर होता. जनरेटर चालवणारा जेवायला गेला होता. समिती प्रमुखांनी घड्याळ पाहिलं, समोर बसलेल्या लोकांकडे पाहिलं आणि तसंच पुढे चालू ठेवायचं ठरवलं.

मी प्रतिवेदक होते. विधिमंडळात किंवा त्याच्या समितीत कोण काय बोललं, ते शब्दन् शब्द लिहून घेणारी व्यक्ती म्हणजे प्रतिवेदक. लिहायचं लघुलिपीत, मग टाइप करायचं. मला ही नोकरी आवडायची, कारण तीत बोलायचं नसतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी लघुलेखन मी नोकरीसाठी शिकले. माझ्या मराठीवर माझाच पुरता भरवसा नसल्यामुळे मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत लिहायचे. ही सवय त्या दिवशी उपयोगी पडली.

समिती एका विधेयकावर काम करत होती. सभागृहात विधेयक मांडलं, की कधीकधी ते थेट मंजुरीला न घेता समितीकडे पाठवतात. समिती ते खंडवार वाचते. खंड म्हणजे कलमच, कायदा होण्याआधीचं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना बोलावून विचारते, आणि मग अहवाल लिहिते. या विधेयकातला सातवा खंड वस्तीतल्या यंत्रमागांबद्दल होता. घरांना लागून असलेले कारखाने रात्री बंद ठेवावेत, असं त्यात म्हटलं होतं. मुंबईत बसून वाचताना खंड सात अगदी वाजवी वाटायचा.

भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, शुक्रवारी बंद असतात, म्हणून सुनावणी शुक्रवारी ठेवली होती. जागा भिवंडीतल्याच टेमघरातलं एक मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच होती. नवरा-नवरीचा लाल मखमली सोफा एवढा जड, की तो हलवायला कोणी तयार झालं नाही. म्हणून समिती प्रमुख त्यावर बसले होते. मागे थर्माकोलचे मोर होते. बाकीचे सदस्य दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी आणि आमचे अवर सचिव पेडणेकर साहेब स्टेजच्या खाली एका टेबलाशी. टेबलावर सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर, नंतर ताडून बघण्यासाठी.

रज्जाकचाचा साक्षीदार होते. टेमघरातच त्यांचा छोटा कारखाना. स्वतः लूम चालवत चालवत मालक झालेले. त्यांचं म्हणणं अर्जात एका ओळीत होतं: दिवसा लाइट नसते, रात्री बंद करायला लावलं तर मी कारखाना चालवू कधी. खंड सात तसाच राहिला, तर त्यांना कुलूप लावावं लागलं असतं. त्यांच्यानंतर काशिनाथ पाटील बोलणार होते. ते चाचांचे भिंतीला भिंत शेजारी, आणि खंड सातच्या बाजूने. रात्रभर झोप लागत नाही, अशी त्यांची तक्रार होती. दोघं एकाच स्कूटरवरून आले होते. पेडणेकर साहेबांनी दारात पाटलांना विचारलं, की तुम्ही विरोधात आहात ना. पाटील म्हणाले, "हाय ना. पन रिक्षाला कशाला पैसे घालवू?"

तर माइक बंद पडला, आणि उकाडा सुरू झाला. सदस्यांनी विधेयकाच्या प्रती उचलल्या आणि वारा घ्यायला सुरुवात केली. समिती प्रमुखही प्रत तोंडासमोर हलवत होते. डाव्या टोकाचे दोन सदस्य मात्र हात बांधून बसले होते. एक आबासाहेब, लांबच्या जिल्ह्यातले, आणि दुसरे एक वकील. त्या दोघांनी विधेयकाची प्रत आणलीच नव्हती.

प्रमुखांनी विचारलं, "रज्जाकभाई, आपल्या कारखान्यात कामगार किती?"

चाचांनी डावीकडे नजर टाकली. मग ते खणखणीत आवाजात म्हणाले, "बिर्यानी हाय साहेब. बोकडाची. मागं डेग उतरवताना मी बघितली."

हॉल हसला. मी लिहिलं. साक्षीदार जे बोलतो ते लिहायचंच असतं, अर्थ लावायचा नसतो. प्रमुखांना वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. त्यांनी प्रत जरा जास्त जोरात हलवत पुढचा प्रश्न विचारला: खंड सातला आपला विरोध नेमका कशासाठी?

"लवकर निघून काय फायदा न्हाय," चाचा म्हणाले. "मानकोलीला ट्रक अडकलेत सकाळपास्नं. अंजूरफाट्यावरनं जा."

या वेळी हॉल जास्त हसला. प्रमुख हसले नाहीत. सोफ्यावरून पुढे सरकत त्यांनी साक्षीदाराला समज दिली. ही विधिमंडळाची समिती आहे, इथे थट्टा केली तर तो समितीचा अवमान होतो, त्याचे परिणाम गंभीर असतात, असं ते बराच वेळ सांगत राहिले. विधेयकाची प्रत हलतच होती. चाचा अत्यंत आदराने उभे होते आणि प्रमुखांकडे अजिबात बघत नव्हते. ते डावीकडे बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"ठरलंच असंल," ते म्हणाले, "तर मला बोलावलं कशाला साहेब?"

"काय ठरलंय?"

पण चाचा अजून डावीकडेच बघत होते. "खंड सात हाय तसा ठेवायचा. रिपोर्ट लिहून तयार हाय, नुसत्या सह्या बाकी हायेत. मग माझी शुक्रवारची सुट्टी कशाला घालवली?"

आता कोणी हसलं नाही.

इथे थोडं सांगावं लागेल. समितीचा अहवाल सभागृहात मांडेपर्यंत गोपनीय असतो. त्याचा कच्चा मसुदा कार्यालय आधीच करून ठेवतं, आणि सुनावणीनंतर तो बदलता येतो. निदान पद्धत तशी आहे. तो मसुदा समितीबाहेर फक्त दोघांनी पाहिला होता: पेडणेकर साहेबांनी आणि टाइप करणारीने. टाइप करणारी मी.

प्रमुखांनी वरून आमच्या टेबलाकडे पाहिलं. पेडणेकर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला बघायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी वहीकडे पाहिलं.

"साक्षीदाराला ही माहिती कुणी दिली?" प्रमुखांनी विचारलं. लगेच त्यांनी पेडणेकर साहेबांना सांगितलं, की साक्ष इथेच थांबवा, सगळी कामकाजातून काढून टाका, आणि फुटलं कुठून याची चौकशी लावा. कामकाजातून काढणे म्हणजे बोललेलं छापायचं नाही, बोललंच नाही असं धरायचं. म्हणजे खंड सातविरुद्धची एकमेव साक्ष झालीच नाही असं होणार होतं. पेडणेकर साहेब उठले आणि चाचांना हाताने दार दाखवू लागले.

मी समितीत कधीच बोलले नव्हते. प्रतिवेदकाने बोलायचं नसतंच. पण मघापासून मी चाचांच्या तोंडाकडे आणि मग त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. आबासाहेब वकीलसाहेबांकडे झुकले, की चाचांचे डोळे तिकडे जात. आबासाहेबांचे ओठ थांबले, की चाचा उत्तर देत. पहिल्या वेळी मला तो योगायोग वाटला. तिसऱ्या वेळी नाही.

मी पेडणेकर साहेबांना हळूच म्हटलं, "सर, ते ओठ वाचतात."

"कोण?"

"साक्षीदार. कोणी काही फोडलेलं नाही. आबासाहेब आत्ता जे कुजबुजले, त्यालाच ते उत्तर देत होते."

पेडणेकर साहेबांची नोकरी समित्यांमध्येच गेली होती. त्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. आबासाहेब थर्माकोलचा मोर निरखत होते. पेडणेकर साहेब म्हणाले, "मॅडम, असं वर सांगता येत नाही. दाखवावं लागेल."

मी वळून चाचांकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, की चाचा, तुमच्याकडे कामगार किती आहेत.

"दिवसपाळीला चार, रातपाळीला पाच, बेटा," चाचा गरजले.

हॉलमध्ये कोणालाच प्रश्न ऐकू आला नव्हता. मी दुसरा विचारला. तुम्हाला ऐकायला येतं का?

"माइक असला तर येतं. लूमच्या आवाजात जल्म गेला, कान कुठनं राहनार? आमी आत सगळे तोंडाकडं बघूनच बोलतो. हे मोठे साहेब तोंडाम्होरं कागद हलवतात आनि मिशाबी हायेत. मला वाटलं आज इचारायचं काम ह्या कोपऱ्यातल्या साहेबांकडं हाय. त्यांचं सगळं साफ दिसत होतं."

समिती प्रमुखांनी प्रत खाली ठेवली. प्रमुख आबासाहेबांना एवढंच म्हणाले, "बिर्याणी आहे, ऐकलंत ना?"

चौकशीचा विषय तिथे संपला. साक्ष पुन्हा सुरू झाली, पण प्रमुखांच्या मिशांचा प्रश्न उरला होता. शेवटी असं ठरलं, की प्रमुख मोठ्याने प्रश्न विचारणार, मी तो चाचांना ओठांनी सांगणार, आणि लिहायचं काम तेवढ्यापुरतं टेपरेकॉर्डर करणार. भर सभेत, सगळ्यांसमोर बोलायचं, पण आवाज काढायचा नाही. इतकं सोयीचं काम मला त्यानंतर मिळालेलं नाही.

चाचांनी सांगितलं, की दुपारी ह्याच वेळेला रोज लाइट जाते. सुतासकट लूम थांबतात, कामगार पत्ते खेळतात. खरं काम रात्रीच होतं. रात्रपाळी काढली तर कारखाना चालवण्यात अर्थ नाही. घामाने भिजलेल्या सदस्यांना लोडशेडिंग समजावून सांगावं लागलं नाही.

मग पाटील उभे राहिले. त्यांना ऐकायला येत होतं, त्यामुळे मी सुटले. त्यांनी सांगितलं, की रात्री लूमचा आवाज थेट उशीत येतो. सुनेला बाळ झालंय, ते झोपत नाही, सून झोपत नाही, म्हणून घरात कोणीच झोपत नाही. त्याचाही विचार व्हायला हवा. सदस्यांनी माना हलवल्या. ते बोलत असतानाच चाचांनी बसल्या जागेवरून हाताने काहीतरी खूण केली. पाटील थांबले. त्यांनी चाचांकडे बघून ओठ हलवले. आवाज नाही. चाचांनी ओठ हलवून उत्तर दिलं. तेही बिनआवाजी. तरुणपणी पाटीलही लूमवर होते, हे नंतर कळलं.

यानंतर समितीसमोर एक कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातला एक शब्द कोणाला ऐकू आला नाही. पाटलांनी हवेत चौकोन काढला. चाचांनी गळ्याशी हात नेऊन जीव गुदमरल्याचं दाखवलं. पाटलांनी डोक्यावर बोट गरगर फिरवलं. चाचांनी खिसा उलटा करून दाखवला. पाटलांनी छातीवर हात मारला. टेप नुसती फिरत होती. पेडणेकर साहेबांनी मला विचारलं, की हे कसं लिहिणार. मी कंसात 'साक्षीदारांमध्ये चर्चा' असं लिहिलं.

प्रमुखांनी दोनदा टेबल वाजवलं. त्यांच्यासमोर टेबल नव्हतं, त्यामुळे सोफा वाजवला.

"मिटलं साहेब," पाटील म्हणाले.

"काय मिटलं?"

"माज्या बाजूच्या खिडक्या हा बुजवनार. पक्क्या, इटांनी. आत मानसं शिजू नयेत म्हनून छपराला हवा काढायचे पंखे बसवायचे. त्याला लागनारं वेल्डिंग माजा पुतन्या करील, मजुरी न घेता. मग चालव म्हटलं रात्रभर."

प्रमुखांनी विचारलं, हे आधी का नाही केलं? मी ते चाचांना ओठांनी सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाचा म्हणाले, "आधी कोनी जमवून बसवलंच न्हाय."

पेडणेकर साहेबांनी जुना मसुदा तिथेच बॅगेच्या तळाशी घातला. नवा मी टाइप केला. खंड सातमध्ये रात्रीची बंदी गेली. घरांकडच्या खिडक्या बुजवाव्यात आणि हवेसाठी छपराला पंखे लावावेत, असं आलं. वकीलसाहेबांनी आपलं वेगळं मत जोडायचं म्हटलं, पण त्याला कारण द्यावं लागलं असतं, आणि मसुदा आधीच ठरला होता हे छापील कामकाजात आणायची त्यांची तयारी नसावी. त्यांनीही सही केली. विधेयक त्या दुरुस्तीसह मंजूर झालं. वेल्डिंग व्हायच्या आधी पाटलांच्या पुतण्याने मजुरी मागितल्याचं ऐकलं, पण तो प्रश्न समितीच्या कक्षेत येत नव्हता. चाचांची रातपाळी चालू राहिली.

बिर्याणी आणि मानकोलीचा रस्ता प्रमुखांनी कामकाजातून काढायला लावला. 'ठरलंच असेल तर मला बोलावलं कशाला' हे वाक्यही काढू का, असं मी विचारलं. प्रमुख म्हणाले, "ते राहू द्या. प्रश्न बरोबर आहे."

या कामातून मी एकच गोष्ट शिकले. माइक बंद झाला म्हणजे आपलं बोलणं खाजगी झालं, असं कोणी धरून चालू नये. निदान भिवंडीत तरी.