झांजा

आमच्या बुंदेली शहरातल्या दतिया गेटच्या बाजारात पितळी झांजा दिसल्या की माझी मान आपोआप खाली जाते. त्या गणपतीत मला घरच्यांना माझी विद्या दाखवायची होती. देवापुढे तीन मोबाईल तीन बाजूंना ठेवून मी आई, बाबा आणि वहिनीची आरती एकत्र रेकॉर्ड केली. मिसळलेले आवाज ऐकत ऐकत स्वतःच शिकणारा आणि एकेक गळा वेगळा काढणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. कापराच्या वासात सगळे लॅपटॉपभोवती जमले. आईचा आवाज स्वच्छ निघाला, बुंदेली माहेरच्या वहिनीचा अडखळत, पण पूर्ण. मग बाबांचा लावला. "मराठी घरातली पोर आणि आरती येत नाही?" म्हणून पुतणीला रोज रागावणारे बाबा ओळभर नुसतं गुणगुणत होते आणि शेवटचा शब्द तेवढा आईच्या मागून पकडत होते. "आजोबा, आपको तो आती ही नहीं!" पुतणी खिदळली. "प्रोग्रॅम चुकला असेल," मी घाईघाईने म्हणालो. "नाही रे, बरोबर आहे तो," बाबा म्हणाले आणि निरांजनाची वात सारखी करत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी झांजा विकत आणल्या. आता आरतीला बाबा त्या वाजवतात. मी सुट्टीवर घरी असलो की जरा जास्तच जोरात, ओठ घट्ट मिटून.