यादीत नाय

संघरत्नाचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं किती खरं मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

ती भातसानगरची. वडील मुकेशकाका धरणावर नोकरीला, आणि ती आटगावच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसते. मी शेखर, मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे कॉम्प्युटर क्लास चालवतो. कॉलेजात आम्ही दोघं एका मशीनवर काम करायचो, कारण चालू मशीन एकच होतं. तिथेच आम्ही 'कणगी' सुरू केली. मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारा प्रोग्राम. फुकट, आणि आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, घ्यावं, सुधारावं. भातासारखे शब्द साठवायचे म्हणून कणगी. नाव मी सुचवलं. लोक मात्र विचारतात, "त्या भातसानगरच्या मॅडमची कणगी का?"

त्याला कारण आहे, आणि तेच मला सोसत नाही. ती मरमर काम करते. रविवारी गावोगाव फिरून शेतातले शब्द गोळा करायची. माझ्याच घरी येऊन माझ्याच आईकडून 'राब', 'आवणी' असे भातशेतीचे चाळीस शब्द घेऊन गेली. आईने मला त्यातला एकही कधी सांगितला नव्हता. मी विचारलाही नव्हता म्हणा. वर आई म्हणाली, "पोर गुणाची हाय रे. तुझ्यासारखी घाय नाय तिला."

कणगीचा नियम एकच: दोघांची मंजुरी असेल तरच बदल आत. गेल्या वर्षी तिने एक बदल पाठवला. लाल रेघेवर बोट ठेवलं की 'अशुद्ध' असं उमटायचं. त्याजागी 'यादीत नाही' एवढंच असावं. मी फोन केला.

"अशुद्धमध्ये काय वाईट आहे?"

"माझी आजी गीताबाई 'नाय' बोलते. तुझी आईपण बोलते. त्यांना अशुद्ध बोलणारे आपण कोण?" ती म्हणाली. "आणि आमच्या घरात तो शब्द लय ऐकलाय रे, शेखर. आजीने हंडा घेऊन पाणवठ्यावर उभं राहून ऐकलाय. यादीत नाय, एवढंच सांगू."

"यात राजकारण कशाला आणतेस गो? सॉफ्टवेअर आहे ते."

ती एवढंच म्हणाली, "बघ. तुझ्या हातात हाय."

तिचं म्हणणं मला फोनवरच पटलं होतं. पण त्याच आठवड्यात तिला पुण्याला भाषणाला बोलावलं होतं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'कणगी शब्दांची आहे, राजकारणाची नाही. तिला त्यापासून दूर ठेवू या.' वाक्य झोकात जमलं. दिवसभरात साठेक अनोळखी लोकांनी वाहवा केली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापेक्षा जास्त अंगठे मला मिळाले. बदल मी नामंजूर केला.

ती भांडली नाही. अशा कामात वाटणी सोपी असते. अख्खी कणगी उचलून न्यावी, तरी मागे अख्खी उरते. तिने तेच केलं. आता सगळे तिचीच कणगी वापरतात. माझ्याकडे माझी आहे, आणि ती मी एकटाच वापरतो.

परवा क्लासमधल्या वैष्णवीने हट्ट धरला, "सर, संघरत्ना मॅडमना बोलवा ना." सगळा वर्ग तिच्या बाजूने. नाक मुठीत धरून मी निमंत्रण लिहायला बसलो, अर्थात माझ्या कणगीत. 'प्रिय संघरत्ना' लिहिलं आणि नावाखाली लाल रेघ आली. बोट ठेवलं. अशुद्ध.

नावांची यादी मी भरली होती, घरात जमलेल्या लग्नपत्रिका समोर ठेवून. कुंडलिक होता, वत्सला होती. हौसेपायी मी आमच्या बैलाचं नावही घातलं होतं.

मंजुरीची रांग उघडली. तळाशी चार वर्षांपूर्वीची एक मागणी पडून होती. 'शब्द जोडावा: संघरत्ना. कारण: माझं नाव आहे.' तिच्या मंजुरीची खूण होती, माझी नव्हती. त्या दिवसांत तिचं नाव दिसलं तरी माझं डोकं फिरायचं, म्हणून तिच्या मागण्या मी उघडतच नसे.

त्यानंतर तीन वर्षं स्वतःच्या नावाखालची रेघ बघत तिने माझ्यासोबत काम केलं, आणि त्या फोनवर आजीचं सांगितलं, माझ्या आईचं सांगितलं, स्वतःचं नाही. मला आधी तिच्या त्या गप्प राहण्याचाही हेवा वाटला. लाज नंतर आली, पण आली.

मी 'मंजूर' दाबलं. रेघ गेली. खाली मशीनचं उत्तर उमटलं: 'शब्द जोडला. मागणी करणारी व्यक्ती आता या प्रकल्पात नाही.'